कारणाचा रकाना

ज्यांना आपली ऑफिसातली नोकरी मनापासून आवडते, अशा माणसांकडे मी कित्येक वर्षं संशयाने पाहत आलो. पोटासाठी करतो म्हणणारा मला कळायचा. साहेबाला शिव्या देत करणाराही कळायचा. पण सकाळी टेबल पुसून, चष्मा साफ करून रजिस्टर उघडणारा आणि संध्याकाळी ते शांतपणे मिटणारा माणूस दिसला की वाटायचं, याच्यात काहीतरी कमी आहे. कल्पनाशक्ती नसेल, नाहीतर याने लवकर हाय खाल्ली असेल. हे मी कधी बोलून दाखवलं नाही. चेहऱ्यावर मात्र येत असणार.

मी दिघीत राहतो आणि भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये ऑफिसचं काम बघतो. चाकणला गाड्या बनतात, त्या गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्या कंपन्यांना माल देणारे आमच्यासारखे. पत्रा कापायचा, वाकवायचा, भोकं पाडायची. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण या पट्ट्यात असे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि मी सांगतोय ते एकट्या आमचंच असेल असं मला वाटत नाही. माझ्याकडे माणसांचे कागद असतात. हजेरी, ओव्हरटाइम (ओटी), रजा, बोनस, कंत्राटदारांची बिलं, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायची पीएफ आणि ईएसआयची चलनं. आणि कुणाला लागलं, तर त्याचा अपघाताचा रिपोर्ट.

बी.कॉम. झाल्यावर संध्याकाळच्या वर्गांना जाऊन लेबर लॉचा डिप्लोमा केला, म्हणून या खुर्चीवर आलो. खरं तर मला लेखक व्हायचं होतं. एकदोन दिवाळी अंकांत कथा छापूनही आल्या. त्यामुळे मी स्वतःची अशी समजूत घालून घेतली होती, की नऊ ते सहा मी इथे फक्त शरीराने असतो. या समजुतीला आधार म्हणून थोरामोठ्यांची एक यादीही जवळ होती. व. पु. काळे मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट होते. श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये होते. आणि सगळ्यांच्या वर फ्रान्झ काफ्का. प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत तो 1908 साली लागला, 1922 मध्ये क्षयामुळे लवकर निवृत्त झाला, दुपारी दोनपर्यंत ऑफिस आणि रात्री लिखाण. नोकरी लेखनाच्या आड येते म्हणून तो रोजनिशीत कळवळायचा, हे मी वाचलं होतं. म्हटलं, हाच आपला माणूस. विमा, अपघात, फॉर्म आणि कंटाळा. मी स्वतःला भोसरीचा काफ्का समजत होतो, हे आता लिहिताना कान गरम होतात.

मधे कंपनीने प्रेरणा देणारा एक वक्ता आणला होता. आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, आरशात बघून काय म्हणायचं ते सांगितलं. तो गेल्यावर समोसे मिळाले. त्याच काळात मी एमपीएससीचा फॉर्म भरून बघितला, पहाटे दत्तगड चढून बघितला. वरून एका बाजूला लोहगावची विमानं उतरताना दिसतात, दुसरीकडे भोसरीच्या शेडचे पत्रे. बरं वाटायचं, पण नऊला पुन्हा तेच मस्टर. रोज तेच ते, हेच माझं गाऱ्हाणं होतं आणि बायकोला ते पाठ झालं होतं.

माझ्याआधी हे टेबल सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. त्या निवृत्त व्हायच्या आधी काही वर्षं आम्ही शेजारी बसलो. त्या अपघाताचा रिपोर्ट लिहायला अख्खी दुपार घ्यायच्या. शॉपफ्लोअरवर जायच्या, सुपरवायझरला विचारायच्या, ज्याला लागलं त्याच्या बरोबरच्या पोराला बोलावून बसवायच्या. मी म्हणायचो, ‘ताई, कादंबरी लिहिताय का?’ आणि बाकीचे हसायचे. ताईही हसायच्या. पुढे टेबल माझ्याकडे आलं तेव्हा मी ते काम दहा मिनिटांवर आणलं. त्याबद्दल माझं कौतुकही झालं.

ते कसं आणलं, ते सांगतो. रिपोर्टमध्ये नाव, विमा क्रमांक, वेळ, यंत्र, कुठल्या अवयवाला इजा, असे रकाने असतात आणि एक रकाना कारणाचा असतो. त्यात मी एक इंग्रजी वाक्य टाकायचो, ‘ड्यू टू नेग्लिजन्स ऑफ वर्कर’. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. हे वाक्य मला कुणी शिकवलं नाही आणि टाकायचा हुकूमही नव्हता. पहिल्यांदा कधीतरी घाईत लिहिलं, ते कुठूनही परत आलं नाही, म्हणून चालू ठेवलं. मनाला सांगायला कारणही होतं: ईएसआयमध्ये चूक कुणाची हे बघून पैसे ठरत नाहीत. बोट गेलं तर बोटाचे मिळतात. मी काय लिहितो त्याने त्या पोराचा एक रुपया कमी होत नाही. मग काय बिघडलं?

बोटांचे दर मला तोंडपाठ होते. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेलं एक परिशिष्ट होतं, त्यात कुठला अवयव गेला की कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, ते दिलेलं होतं. अंगठा 30. तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. तर्जनीचं नुसतं टोक, हाड न जाता, 5. मित्रांच्या बैठकीत मी हे म्हणून दाखवायचो. करंगळीला सात टक्के म्हटलं की हशा पिकायचा. मला वाटायचं, मी व्यवस्थेवर उपरोध करतोय.

गाऱ्हाण्याला तडा गेला तो एका रटाळ कामाने. ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं आणि त्यांना मागच्या कित्येक वर्षांची अपघात नोंदवही एक्सेलमध्ये हवी होती. जुन्या वह्यांच्या झेरॉक्स घेऊन मी टायपिंग घरी आणलं, कारण दुसऱ्या दिवशी आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघीवरून पुण्याकडे जाणार होती आणि रस्ता बंद. त्यामुळे बाहेर टाळ-मृदंग आणि आत मी एक्सेल भरतोय, असा तो दिवस गेला. यातून काही अर्थ काढू नये. रस्ता बंद होता, एवढंच.

मी अलीकडच्या वर्षांपासून उलटं सुरू केलं, म्हणजे आधी माझ्याच नोंदी. एक्सेलची एक सोय असते. एखाद्या रकान्यात आधी भरलेला मजकूर पुन्हा भरू लागलात की पहिलं अक्षर दाबताच पुढचं सगळं ते स्वतःच पुरवतं. मी ‘डी’ दाबायचो आणि ‘ड्यू टू नेग्लिजन्स ऑफ वर्कर’ आपोआप उमटायचं. एंटर. पुन्हा ‘डी’, पुन्हा एंटर. छान वेग आला. थोड्या वेळाने यंत्राचा रकानाही तसाच भरू लागला, पहिलं अक्षर दाबलं की त्याच प्रेसचं नाव पुढे यायचं. मग अवयवाचा. उजवा हात, तर्जनी. एंटर. मी खूश होतो. अंदाजापेक्षा लवकर संपणार होतं.

तारखांची मांडणी गडबडली होती म्हणून मी सगळा तक्ता वेळेप्रमाणे लावून पाहिला. ओळी वरखाली झाल्या आणि एका ठिकाणी दाट बसल्या. दुसरी शिफ्ट, जेवणाच्या सुट्टीनंतर, ओटीचे तास. तिथे तोच प्रेस, तोच हात. खालून वर, वरून खाली पाहिलं. कारणाच्या रकान्यात माझं वाक्य एकाखाली एक. नावं वेगवेगळी होती, लातूर, नांदेड, बिहार, झारखंड असे गावांचे पत्ते वेगवेगळे होते, आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे ही सगळी माणसं दूरदूरच्या गावांहून येऊन एकाच प्रेससमोर, साधारण एकाच वेळी, एकाच बोटाने निष्काळजी झाली होती.

मी उठून पाणी प्यायलो. खोटं सांगत नाही, पहिला विचार आला तो स्वतःच्या बचावाचा: ऑडिटवाला हे बघेल आणि मला विचारेल. त्या बोटांचा विचार नंतर आला. किती नंतर, ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच लाज वाटते.

मग ताईंच्या काळातली पानं घेतली. एक्सेलची सोय तिथे चालेना. एकाही कारणाचं पहिलं अक्षर दाबून पुढचं उमटेना, कारण दोन कारणं सारखी नव्हती. इंग्रजी रकाना पुरला नाही म्हणून खाली बारीक अक्षरात मराठीत लिहिलेलं. डबल स्ट्रोक, क्लचची चावी झिजलेली, मेंटेनन्सला आधीच सांगितलं होतं. दोन हातांची बटणं काढून पेडलवर काम चालू होतं. मुलगा नवा, पहिलाच दिवस. सलग दुसरी शिफ्ट, सकाळपासून खाल्लं नव्हतं. गार्ड काढलेला, कोणी काढला ते सांगत नाहीत.

ज्यांना प्रेसची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडच्या जुन्या पॉवर प्रेसमध्ये पेडल दाबलं की वरचा डाय एकदा खाली येऊन परत जातो. कामगार तेवढ्यात तयार जॉब काढून नवा पत्रा ठेवतो. क्लचमधली चावी झिजली की कधीकधी पेडल न दाबताच दुसरा ठोका पडतो. त्या क्षणी हात आत असतो, कारण हात आत असणं हेच त्याचं काम असतं. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालणारच नाही अशी जोडणी असते. पण दोन्ही बटणं दाबायची म्हणजे प्रत्येक जॉबला वेळ जास्त, आणि टार्गेट तासाला मोजलं जातं. म्हणून ती काढली जातात. कधी सुपरवायझर काढतो, कधी पोरं स्वतः काढतात. त्याला निष्काळजीपणा म्हणायचं तर म्हणा, पण मग तासाचं टार्गेट कुणी ठरवलं, तेही त्याच रकान्यात लिहावं लागेल.

दुसरी गोष्ट दिसली ती अशी. ताईंच्या काळात एखादं यंत्र तीनचार ओळींत यायचं आणि मग बराच काळ गायब व्हायचं. माझ्या काळात ते आलं की जात नव्हतं. यावरून काही सिद्ध होत नाही. यंत्रं जुनी झाली, माणसं बदलली, ऑर्डरी वाढल्या. पण ती पानं शेजारी ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. रोज तेच ते, असं मी म्हणत आलो होतो. ‘तेच ते’ घडत होतं हे खरंच होतं. ते लिहून ठेवायचा पगार मला मिळत होता, आणि मी त्याचा कंटाळा करत होतो. मी कथा लिहिणारा माणूस. समोर हाताला फडकं गुंडाळून माणूस बसलेला असताना ‘काय झालं रे?’ एवढं विचारायची उत्सुकता मला नव्हती.

काफ्काचं पुढे समजलं आणि तेही अंगावर आलं. त्याच्या कार्यालयीन लेखनाबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं, की 1909 सालच्या संस्थेच्या अहवालासाठी त्याने लाकूड रंधणाऱ्या यंत्रांवर टिपण लिहिलं होतं. त्या यंत्रांचा दांडा चौकोनी असे, पाती आणि टेबलामध्ये फट राही, आणि हात घसरला की बोटं त्या फटीत जात. गोल दांडा वापरला तर जखम झालीच तरी किरकोळ होते, हे त्याने तांत्रिक तपशील देऊन मांडलं. सोबत आकृत्या होत्या, दांड्यांच्या आणि तुटलेल्या बोटांच्या हातांच्या. आणि त्याचं म्हणणं काय, तर कामगार कितीही सावध असला तरी या रचनेत त्याचा हात केव्हातरी सापडणारच. म्हणजे ज्या माणसाला मी माझ्या कंटाळ्याचा साक्षीदार म्हणून मिरवत होतो, त्याने शंभर वर्षांपूर्वी नेमका माझाच रकाना भरला होता, आणि नीट भरला होता. ऑफिसला तो वैतागायचा हे खरं आहे. त्याने कामाची टाळाटाळ केली असं मात्र कुठे आढळत नाही, उलट त्याला बढत्या मिळत गेल्या. यातली पहिलीच गोष्ट मी उचलली होती, कारण तेवढीच मला सोयीची होती.

आपल्याकडेही हे कुणीतरी बसून लिहिलंच आहे. कामगार विम्याची योजना, म्हणजे ईएसआय, उभी राहिली ती प्रा. बी. पी. आडारकरांच्या 1944 च्या अहवालावर. 1948 ला कायदा झाला, 1952 ला कानपूर आणि दिल्लीत सुरुवात झाली. डिप्लोमाच्या परीक्षेत यावर टीप लिहून मी गुण मिळवले होते. अलीकडे ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून वाहन उद्योगाच्या पुरवठादारांकडे होणाऱ्या अपघातांचे अहवाल काढते. पॉवर प्रेस आणि गेलेली बोटं हाच त्यांचा मुख्य विषय. हरियाणा आणि महाराष्ट्र, दोन्हीकडचे कामगार त्यात आहेत. ते वाचताना ओळखीचं गाव लागल्यासारखं झालं.

ताईंना भेटायला गेलो. त्याही दिघीतच राहतात. माझी अपेक्षा होती की त्या काहीतरी सांगतील, कामावरची निष्ठा वगैरे. मी विचारलं, ‘ताई, तुम्ही एवढं सगळं का लिहायचात? कुणी मागत तर नव्हतं.’

त्या म्हणाल्या, ‘अरे, कंटाळा यायचा. सारखं एकच काय लिहायचं? तुला कथा सुचतात. मला नाही सुचत, म्हणून जे झालं ते विचारून लिहायचे.’

मग त्यांनी विचारलं, दिघी मॅगझिनच्या, म्हणजे लष्कराच्या दारूगोळा कोठाराच्या, बांधकामबंदीच्या रेड झोनचं काही नवीन ऐकलं का. त्यांच्या बहिणीची जागा रेषेच्या आत की बाहेर हे अजून ठरत नव्हतं. दिघीतल्या माणसाला नकाशावरच्या रेषेचं वजन वेगळं सांगावं लागत नाही. कोण्या ऑफिसात कुणीतरी ती ओढतो आणि इकडे लोकांची घरकर्जं अडतात. मला हे माहीत होतं. माझं टेबलही तसलंच एक ऑफिस आहे, हे तेवढं ध्यानात आलं नव्हतं.

चमत्कार झाला नाही. तो तक्ता घेऊन मी साहेबांकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तुम्ही एचआरला आहात की सेफ्टीला?’ त्या प्रेसच्या क्लचचं काम झालं, पण ते ऑडिट तोंडावर होतं म्हणून. माझ्यामुळे नाही. दोन हातांची बटणं पुन्हा बसवली, आणि महिनाभरात एका शिफ्टमध्ये त्यातलं एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं मी स्वतः पाहिलं. मी ओरडलो, तेव्हा ऑपरेटर म्हणाला, ‘भाऊ, टार्गेट कमी करून द्या, लगेच काढतो.’ मला उत्तर देता आलं नाही. तेही वाक्य मी लिहून ठेवलं आहे.

आता नोकरी आवडते का? मित्र विचारतात, कारण मी ते टक्क्यांचं पाठांतर बंद केलं आहे. बहुतेक दिवस नाही आवडत. एकच माहिती तीन नमुन्यांत भरायची असते तेव्हा ती तीनदा भरणं मूर्खपणाच आहे, त्यात गोडी शोधा असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. बोनसचं रजिस्टर अजूनही मला मेलेलं वाटतं. फक्त एवढं झालं, की कुठला कंटाळा खरोखर कामात आहे आणि कुठला माझ्या न बघण्यातून येतो, हे मी आता तपासतो. पूर्वी सगळा कंटाळा कामाच्या नावावर टाकून मोकळा व्हायचो. अपघाताच्या रिपोर्टला हल्ली मलाही दुपार लागते. नवीन आलेला मुलगा घड्याळाकडे बघतो.

सादर झालेल्या जुन्या रिपोर्टमधलं माझं वाक्य मला बदलता येत नाही. म्हणून माझ्या तक्त्यात मी शेजारी एक रिकामा रकाना घातला आणि त्या लोकांना फोन करायला लागलो, खरं काय झालं होतं ते विचारायला. बरेच नंबर बंद आहेत. कंत्राटदाराच्या पोरांचे तर जवळजवळ सगळेच. काहींनी ऐकून घेतलं आणि ‘आता काय उपयोग’ म्हणून ठेवून दिला. लातूरकडचा एक मुलगा फोनवर भेटला, त्याची अर्धी तर्जनी गेली होती आणि आता तो गावाकडे ट्रॅक्टर चालवतो. मी बऱ्याच लांबून प्रस्तावना करून विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं होतं, मी लिहून घेतो.

तो म्हणाला, ‘ते राहू द्या हो साहेब. तुमच्याकडचा माझा पीएफ अडकलाय तेवढा सोडवा. आधारला एक नाव आहे अन् तुम्ही तिकडं दुसरंच घातलंय.’

त्याचा पीएफचा क्रमांक, यूएएन, काढून बघितला. आडनावात एक अक्षर जास्त होतं, टायपिंग माझंच. दुरुस्तीचा जॉइंट डिक्लरेशनचा फॉर्म त्याच संध्याकाळी भरायला घेतला, आणि आधारचा फोटो नीट येईना म्हणून त्याला पुन्हा फोन केला. तेव्हा बोलता बोलता त्याने बोटाचंही सांगितलं.